कमरेला पिस्तूल, गोळी खाली-डावीकडे

पिस्तुलाचा परवाना घेऊन दुकानात आलेला माणूस पहिला प्रश्न कव्हरचा विचारतो. नळी केवढी, चाप जड की हलका, काडतूस कोणतं लागतं, हे नंतर. बऱ्याच वेळा ते येतच नाही. अकोल्यात बंदुकीच्या दुकानाच्या काउंटरमागे माझं निम्मं आयुष्य गेलं. वाशीम १ जुलै १९९८ला अकोल्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, कलेक्टर वेगळा झाला, पण गिऱ्हाइकांच्या पायांना अकोल्याचीच सवय राहिली. रिसोडचे, मानोऱ्याचे, कारंज्याचे लोक सकाळच्या एसटीने यायचे, परवान्याचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेलं असायचं.

पंपवाले भाऊ त्यातलेच. मालेगाव तालुक्यात पेट्रोल पंप, रात्री उशिरा रोकड घेऊन घरी जायचं, तेवढ्यावर त्यांनी अर्ज केला होता आणि तो मंजूरही झाला होता. काउंटरवर कोपर टेकवून ते मला म्हणाले, "मले कमरेले दिसलं नाई पायजे भाऊ, पन हाय हे समजलं पायजे." असं कव्हर अजून कोणी शिवलेलं नाही. मी त्यांना चामड्याचं एक साधं दाखवलं, त्यांनी आरशासमोर उभं राहून शर्ट दोनदा वर-खाली केला आणि मग विषय पिस्तुलावर आला.

आमच्याकडचा जुना परवानाधारक म्हणजे बारा बोरवाला शेतकरी. रोही आणि रानडुकरं सोयाबीन-तुरीत घुसतात, कारंजा-सोहोळच्या अभयारण्याच्या बाजूला काळविटांचे कळप असतात. पिकाच्या राखणीसाठी घेतलेल्या त्या बंदुकीने जनावर मारायची मोकळीक मिळत नाही, वन्यजीव कायदा आड येतो. त्यामुळे ती बहुतेक आवाज करण्यापुरती वापरली जाते आणि एरवी घराच्या आढ्याला टांगलेली असते. एकदा एक आजोबा अशीच दुनळी घेऊन आले. दिवाळीत बार काढायचा म्हणाले. मी बंदूक मोडून नळ्या उजेडाकडे धरल्या. एका नळीतून आभाळ दिसलं, दुसरीतून काहीच नाही. कुंभारमाशीने आत मातीचं पक्कं घर बांधलं होतं. तो बार निघाला असता तर नळी फाटली असती, आणि आजोबांचा डावा हात नेमका तिथेच असतो. ते घर मी गजाने फोडून काढलं, तर आजोबांना वाईट कशाचं वाटलं? आत कोळी भरून ठेवलेले होते त्याचं. "बिचारीनं लेकरायसाठी जमवलं होतं," म्हणाले.

पिस्तुलवाला गिऱ्हाईक वेगळा. तो पंपाचा, कंत्राटाचा, पतसंस्थेचा, जिल्हा परिषदेचा. त्याला वाटतं सिनेमात असतं तसलं काहीतरी मिळेल. मग त्याला समजावून सांगावं लागतं की ९ एमएम हा पोलीस आणि लष्कराचा बोअर, तो साध्या परवान्यावर मिळत नाही. तुमच्यासाठी ३२. परदेशी हवं? खासगी माणसाला परदेशी शस्त्र मागवणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. सवलत आहे ती नामवंत नेमबाजांना. त्याआधी देशात आलेली जुनी वॉल्थर, जुनी वेब्ली, एवढाच परदेशी माल हातोहात फिरतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खुर्ची मागतो. आजोबाच्या वयाचं पिस्तूल कित्येक लाखांना जातं. म्हणून मध्यम खिशाचा माणूस देशी कारखान्याचं ३२ घेतो, लाखाच्या आसपास. आपल्या देशात स्वस्त पिस्तूल म्हणतात ते हे. जुन्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचा कारभार १ ऑक्टोबर २०२१पासून सात सरकारी कंपन्यांत वाटला गेला, शिवाय आता खासगी कारखानेही आलेत. भाऊंनी कोणाचं घेतलं ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात पिस्तुलाचा काही दोष नव्हता आणि तरीही पहिली बोलणी त्यालाच बसली.

काडतुसं मात्र कुठली ते सांगायला हरकत नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. तो १८६९पासून चालू आहे, आणि त्याच्या पुंगळीच्या बुडावर केएफ ही अक्षरं ठोकलेली असतात. आमच्या भागात जाणता परवानाधारक ब्रँड विचारत नाही, "केएफ हाय का?" एवढंच विचारतो.

इथे एक जुनी गंमत. ३२चं रिव्हॉल्व्हर आणि ३२चं पिस्तूल, दोघांची काडतुसं निराळी. रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला रुंद कडा. पिस्तुलाचं आखूड, कडा जेमतेम. डब्यावर दोन्हीकडे ३२ लिहिलेलं. एका गृहस्थांनी मेहुण्याला दुसऱ्या गावाहून काडतुसं आणायला सांगितली, त्याने रिव्हॉल्व्हरची आणली, आणि हे महाशय रात्रभर ती पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये दाबत बसले. सकाळी अंगठ्याला पट्टी बांधून दुकानात हजर. "मॅगझीन लहान दिलं तुमी."

तर पंपवाले भाऊ. हे साल २०२४. खरेदी झाली, परवान्यावर पिस्तुलाचा नंबर चढला, कचेरीत आणि ठाण्यात दाखवून झालं. साधारणपणे गोष्ट इथेच संपते. पिस्तूल कपाटात जातं, दसऱ्याला निघतं, निवडणुकीला ठाण्यात जमा होतं, परत कपाटात जातं. विकलेल्या पिस्तुलांपैकी किती पुन्हा माझ्यासमोर आली ती बघता, घेतल्यावर एकदाही न झाडलेली अशी खूप निघाली, अगदी मालकाच्या केसांचा रंग बदलला तरी. भाऊंचंही तेच झालं असतं. पण १ ऑगस्टला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं आणि आठवडाभर महाराष्ट्रात ज्याला त्याला नेम धरावासा वाटायला लागला. पंपावर टीव्ही लावलेलाच होता. भाऊंचा फोन आला, "एकदा वाजवून पाहावं म्हनतो. वावरातच पाहू काय?"

वावरात नाही. स्वसंरक्षणासाठी दिलेलं शस्त्र सहज म्हणून वावरात वाजवायचं नसतं, आणि पलीकडच्या धुऱ्यावर कोण निंदत बसलंय हे मक्याच्या आडून दिसत नाही. लग्नात, वरातीत बार काढणाऱ्यासाठी तर डिसेंबर २०१९पासून कायद्यात वेगळं कलमच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाऊ म्हणाले, "म्हंजे घेतलं कायले मग?" हा प्रश्न मला पूर्वीही लोकांनी विचारला आहे. पोलिसांचं गोळीबाराचं मैदान पोलिसांसाठी असतं. त्यामुळे खासगी रेंज गाठायची म्हणजे जिल्हा सोडायचा. शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलो आणि नागपूरच्या बाजूला निघालो. पिस्तूल एका पेटीत, काडतुसं वेगळ्या पिशवीत, परवाना भाऊंच्या वरच्या खिशात. पाऊस रिपरिप. वाटेत भाऊंनी हिशोब मांडला. ते सगळ्याच गोष्टींचा हिशोब पेट्रोलात करतात. "एक गोळी म्हंजे लिटरभर पेट्रोल, भाऊ. मी आपल्या पाचच मारीन."

रेंजवरचे उस्ताद निवृत्त हवालदार. फौजेत हत्यार शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, आणि ते नाव पेन्शनीनंतरही सुटत नाही. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, मॅगझीन काढलं, स्लाइड मागे ओढून आत डोकावले, करंगळी घालून पाहिली. मग भाऊंच्या हातात चिंदी दिली. नवं हत्यार कारखान्यातून गंजापासून जपायला तेलात माखून येतं. ते तसंच झाडायचं नाही, आधी पुसायचं. भाऊ फायरिंगला आले होते आणि बराच वेळ वर्तमानपत्र अंथरून सुटे भाग पुसत बसले. नळी, स्प्रिंग, स्लाइड. सुरुवातीला नाक मुरडलं, पण नंतर मात्र मन लागलं. पंपवाला माणूस, त्याला यंत्राच्या आतलं दिसलं की बरं वाटतं.

आणि हे यंत्र खरंच बघण्यासारखं आहे. त्याची मूळ युक्ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची, आणि ३२ पिस्तुलाचं हे काडतूसही त्यानेच १८९९मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी आखलेलं. सव्वाशे वर्षं झाली, माप तेच. गोळीचं वजन साडेचार ग्रॅमच्या थोडं वर. बार होतो तेव्हा धुराच्या जोराने गोळी पुढे जाते आणि तोच धूर रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीच्या मागे स्लाइड, स्लाइडला अडवायला जाड स्प्रिंग. स्लाइड मागे जाताना पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंग तिला पुढे आणते, येताना ती मॅगझीनमधलं पुढचं काडतूस नळीत सारते. कुठे खिटी नाही, कुलूप नाही. सगळा मामला स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या ताकदीवर. म्हणूनच स्वस्तात बनतं. आणि म्हणूनच स्प्रिंग इतकी दणकट की बोटांना तुपाची सवय असलेल्याला स्लाइड ओढता येत नाही.

भाऊंना आली नाही. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढली, नाही आली. मग जोर लावायला अंग वळवलं, तशी नळी वळली आणि शेजारच्या पट्टीवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराच्या बरगड्यांकडे गेली. पिस्तूल रिकामं होतं. तरी उस्तादांचा आवाज असा आला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. नंतर एकदम मऊ आवाजात त्यांनी शिकवलं: पिस्तूल छातीजवळ, नळी टार्गेटकडे, डाव्या हाताचा पंजा वरून पूर्ण बसवायचा, आणि स्लाइड ओढायची नाही, ती धरून ठेवायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. झटक्यात जमलं.

भाऊंकडे प्रशिक्षणाचा दाखला होता बरं का. २०१६च्या शस्त्र नियमांपासून तो लागतोच. दाखला होता, हात नव्हता.

मॅगझीन भरतानाही एक मेख आहे, ती दुकानातसुद्धा कोणी सांगत नाही. काडतुसाच्या बुडाला जी बारीक कडा असते, ती भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. मागे राहिली तर दोन काडतुसं एकमेकांत गुंततात आणि पिस्तूल अडतं. मग जमिनीवर आपटा नाहीतर देवाला हाक मारा. उस्तादांनी प्रत्येक काडतूस भाऊंकडूनच भरून घेतलं.

पहिला बार वाजला. भाऊंनी डोळे मिटले होते, ते मी पाहिलं. दहा मीटरवर उभा असलेला कागद जसाच्या तसा. दुसऱ्या वेळी चाप दाबला तर काहीच नाही: रिकामी पुंगळी स्लाइडच्या फटीत चिमणीसारखी उभी अडकलेली. "पाहा!" भाऊ माझ्याकडे वळले, म्हणजे मानेने वळले, एवढं तरी शिकले होते. "लाखाचा माल, अन् दुसऱ्याच गोळीले बसला. म्हनलं होतं मी, स्वस्तातलं कायले घ्यावं." मी दुकानदाराचा माणूस, मान खाली घातली. उस्तादांनी पिस्तूल घेतलं, अडकलेली पुंगळी काढली, तेच मॅगझीन, तीच काडतुसं, उरलेली सगळी एका दमात झाडून ते रिकामं केलं. एकही पुंगळी अडकली नाही. कागदाच्या मधोमध हाताच्या तळव्याएवढ्या जागेत भोकं.

"मनगट," ते म्हणाले.

त्याचा अर्थ असा. स्लाइडला मागे जायला मागची मूठ घट्ट उभी लागते. मनगट सैल असलं की सगळं पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे उचललं जातं, स्लाइडचा पल्ला कमी पडतो, पुंगळी धड बाहेर पडत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रकार नाही. ते कसंही धरा, फिरतं. पण गिऱ्हाइकाला पिस्तूलच हवं असतं, कारण ते चपटं असतं आणि कमरेला बसतं. पिस्तुलाची निम्मी बदनामी अशा सैल मनगटांनी केली आहे असं माझं मत आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल दुकानदाराने बोलू नये.

दुसरं मॅगझीन भाऊंनी दात-ओठ खाऊन धरलं. आता बार लागोपाठ होऊ लागले. आणि मग ते झालं जे प्रत्येक रेंजवर कधी ना कधी होतं. उकाड्यामुळे भाऊंनी शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवली होती, सोनसाखळी दिसेल इतपत. उडालेली तापलेली पुंगळी नेमकी आत गेली. भाऊ नाचले. एका हाताने छाती चाचपडत, दुसऱ्या हातात भरलेलं, चढलेलं पिस्तूल, आणि बोट चापावरच. अर्धस्वयंचलित म्हणजे काय ते मला त्या क्षणी पुस्तकापेक्षा चांगलं समजलं: एक बार झाला की पुढचा आपोआप तयार, चापाला फक्त बोट लागायची खोटी. उस्तादांनी ओरडण्यात वेळ घालवला नाही. मनगट पकडून नळी टार्गेटखालच्या मातीच्या बांधाकडे दाबली, बोट बाहेर काढलं, पिस्तूल हातातून घेतलं आणि मगच म्हणाले, "आता नाचा."

भाऊ बाकावर बसून पाणी पीत होते. छातीवर तांबडा डाग. कोणी हसलं नाही. शेजारचं पोरगंसुद्धा नाही. थोड्या वेळाने त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावली आणि स्वतःहून परत उभे राहिले. पाचच गोळ्या मारायचा पेट्रोलाचा हिशोब तोवर मोडलेला होता.

आता कागदावर भोकं पडू लागली होती, पण सगळी खाली आणि डावीकडे. उजव्या हाताच्या नवख्याची ही ठरलेली जागा. भाऊंना वाटलं नळीवरची नेमाची माशी वाकडी बसवली आहे. मग उस्तादांनी पाठ करून मॅगझीन भरलं आणि खऱ्या काडतुसांत मध्येच एक खोटं घातलं, सरावाचं, आत काही नसलेलं. भाऊंना सांगितलं नाही. बार, बार, आणि तिसऱ्याला नुसता खट्‌. त्या खटवर बार झालाच नाही, तरी पिस्तुलाने इतकी खाली-डावीकडे मान टाकली की सगळ्यांनी पाहिली, भाऊंनीही. हा धक्का ३२च्या चिमूटभर गोळीचा नव्हता. आवाजाच्या भीतीने हात आधीच दचकत होता. भाऊ पहिल्यांदा मोकळं हसले. "म्हंजे मीच पाडतो व्हय खाली!"

उस्तादांनी मग त्यांना राही सरनोबतबद्दल सांगितलं. कोल्हापूरची मुलगी, २०१३मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण, २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. तिच्या प्रकारात नुसत्या पात्रता फेरीला ६० गोळ्या लागतात. तिचं पिस्तूल २२चं, काडतूस हलकं, तरी हा दचका काढायला वर्षं जातात. "तुम्ही वर्षाला पाच मारणार," उस्ताद म्हणाले, "आणि रात्री अंधारात, समोर चोर असताना, बरोबर मारीन म्हणता." मला ते थोडं लागलं. असं म्हणणाऱ्या लोकांना पिस्तुलं विकूनच माझं घर चाललं.

निघण्याआधी पुंगळ्या मोजल्या. झाडलेल्यांपेक्षा एक कमी. भाऊ म्हणाले राहू द्या, पण काही ठिकाणी रिकाम्या पुंगळ्या दाखवल्याशिवाय नवीन काडतुसं मिळत नाहीत, आणि उस्तादांची फौजेची सवय. ओल्या गवतात आम्ही सगळे वाकून शोधत राहिलो. ती शेवटी भाऊंच्या शर्टातून निघाली, पोटाच्या वर, बनियनच्या घडीत.

त्यानंतर दसरा आला, १२ ऑक्टोबरला. भाऊंनी पिस्तूल पाटावर ठेवून पूजा केली. कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल नळीच्या तोंडावर. तिसऱ्या दिवशी, १५ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. कोणाची शस्त्रं जमा करायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. भाऊंनाही नोटीस आली. पिस्तूल कुंकवासकट ठाण्यात गेलं, पावती मिळाली. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ला, आणि त्यानंतर काही दिवसांनी शस्त्रं परत मिळाली. भाऊ सरळ माझ्याकडे आले. स्लाइड अर्ध्यात थांबत होती. उघडलं तर आत तेल आणि कुंकवाचा लाल राबडा, आणि बरोबर नळीच्या तोंडाशी अक्षतेचा एक दाणा. मी काही बोललो नाही. काउंटरवर वर्तमानपत्र अंथरलं आणि चिंदी भाऊंकडे सरकवली. त्यांनी मला न विचारता सगळं उघडलं, पुसलं, बसवलं, स्लाइड पूर्ण पंजाने धरून ओढून पाहिली.

जानेवारीत पुन्हा रेंजवर गेलो. थंडी होती, बटणं गळ्यापर्यंत. एकही पुंगळी अडकली नाही. पहिलं मॅगझीन सगळं खाली-डावीकडे. दुसऱ्यात दोन मध्ये लागल्या. भाऊंनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि विचारलं, "अजून डबा हाय ना गाडीत?"